माथेरानच्या पत्त्यावरची स्कूटर

आमच्या हिरव्या स्कूटरला घरी यायला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत मी जेवढी भांडले तेवढी सासूशीसुद्धा कधी भांडले नाही. लोक म्हणत, "अगं, नंबर लागेल तेव्हा लागेल." या वाक्याची मला इतकी चीड बसली की आजही कुणी "होईल हो सावकाश" म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते.

तेव्हा मी कशेळ्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते आणि आमचे हे माथेरानला एका हॉटेलात कारकून. पाहुण्यांची नावं वहीत चढवायची, खोल्या द्यायच्या, हमाल आणि घोडेवाल्यांच्या कटकटी मिटवायच्या. संध्याकाळी काम सुटायचं, पण डोंगर उतरून नेरळला येईपर्यंत आमच्याकडे येणारी शेवटची एसटी निघून गेलेली असायची. म्हणून हे वरच राहत, हॉटेलच्या मागच्या खोलीत. महिन्यातून दोनदा घरी येत, आणि पावसाळ्यात हॉटेल बंद असलं की तेवढे महिने घरी.

एकदा शेजारणीने आमच्या तीन वर्षांच्या पोरीला विचारलं, "तुजा बाबा कुठं हाय गं?" पोरगी म्हणाली, "बाबा पावसाळ्यात असतो."

एखाद्या रानभाजीबद्दल बोलावं तसं बोलली. शेजारीण खो खो हसली. मी हातातलं सूप खाली ठेवलं, आत गेले आणि रडले. पुढच्या खेपेला हे आले तेव्हा सांगूनच टाकलं, "स्कूटर घ्यायची. माथेरानात गाडी नेता येत नाही, ठाऊक आहे मला. पण दस्तुरीच्या नाक्यापर्यंत रस्ता झालाय ना? तिथे ठेवायची आणि रोज घरी यायचं. मला पावसाळ्यातला नवरा नको."

त्या काळी स्कूटर दुकानात जाऊन आणता येत नसे. डिपॉझिट भरून नंबर लावायचा आणि वाट बघत बसायचं. कल्याणच्या एका विक्रेत्याकडे आम्ही नंबर लावला. फॉर्म भरताना मी म्हटलं, कशेळ्याचा पत्ता घाला. हे म्हणाले, "अगं, तिथला पोस्टमन वाड्यावाड्यांतून फिरतो. पत्र चार-चार दिवस त्याच्या पिशवीत पडून असतं. हॉटेलात टपाल रोजच्या रोज येतं." बोलणं पटण्यासारखं होतं. मीही मान डोलावली आणि पत्ता पडला माथेरानचा. तिथेच माशी शिंकली.

निघताना मी पोच मागितली. कारकून म्हणाला, "पोच कशाला? वहीत नोंद आहे." मी म्हटलं, "असू दे. शिक्का मारून द्या."

ही माझ्या बापाची शिकवण. छप्पन्न साली दीक्षा घेतलेला माझा बाप रेल्वेत गँगमन होता. लिहायला शिकला तो सहीपुरतंच, पण घरात पत्र्याची पेटी होती आणि तीत रेशनकार्डाच्या अर्जापासून सगळ्याची पोच. म्हणायचा, "तोंडी बोलनं वाऱ्यावर जातं. नाय म्हनला कोन, तर म्हनावं, नाय म्हनून लिवून दे."

पहिल्या वर्षी छापील कार्ड आलं: आपला क्रमांक अद्याप आलेला नाही. दुसऱ्या वर्षीही तेच कार्ड. आता कितवा नंबर चालू आहे, आमच्यापुढे किती जण आहेत, त्याचा पत्ता नाही. तिसऱ्या वर्षी कार्डही बंद झालं. उत्तरासाठी कोरं कार्ड जोडून मी पत्रं पाठवली, ती कोरी कार्डंही गिळंकृत झाली. बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्या दवाखान्याच्या पायरीवर बसून माझी फिरकी घ्यायच्या.

"काय गं नर्सबाई, आली का गाडी?"

"नाही गं आजी."

"मंग चालत निघाली आसंल. दमली आसंल वाटंत."

मी वरवर हसायची आणि आतून जळायची. ह्यांना सांगितलं तर हे म्हणायचे, "येईल गं." पाहुण्यांना "खोली तयार होतेय, बसा" असं सांगून सांगून हा माणूस स्वतःच बसून राहायला शिकला होता.

चौथ्या वर्षी एक दिवस कर्जतचा एक कंपाउंडर औषधांचं खोकं घेऊन दवाखान्यात आला, तोही नव्या कोऱ्या स्कूटरवरून. मी खोकं राहू दिलं बाजूला आणि आधी विचारलं, नंबर कधी लावलात? बिचाऱ्याने कौतुकाने कागद काढून दाखवला. विक्रेता तोच. नंबर आमच्यानंतर वर्षभराने लावलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोस्टातून हॉटेलात फोन लावला, ह्यांना नेरळला बोलावलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कल्याणला.

कारकुनाने मोठी वही उघडली. बोट फिरवत खाली आला आणि थांबला. आमच्या नावावर तांबडी रेघ होती आणि समोर लिहिलेलं: माथेरान, वाहनबंदी, रद्द.

"हे काय?"

"बाई, माथेरानात गाडीला बंदी आहे. तिथल्या माणसाला स्कूटर देऊन काय उपयोग?"

"आणि हे आम्हाला कळवलं का नाही?"

"राहिलं असेल."

राहिलं असेल! चार वर्षं माझी पोरगी बापाला रानभाजीसारखी मोजत होती, आणि या दुकानवाल्यांचं राहिलं असेल! मी म्हटलं, "अहो, माथेरानात चालवायला कोण मागतंय? माथेरानातून घरी यायला मागतोय आम्ही. नोकरी डोंगरावर असली म्हणून माणसाला घर नसतं का? मी नर्स आहे. उद्या कुणाचा पत्ता मसणवटीजवळचा निघाला, तर त्याला मेलेला धरून औषध देऊ नको का?"

दोन गिऱ्हाइकं हसली. कारकून म्हणाला, नवीन फॉर्म भरा, नवीन नंबर लागेल. आणि आमचे हे, काय सांगू, पेनाचं टोपण काढून तयार! "भरून टाकू गं. वाद कशाला?"

मी पेन काढून घेतलं. "भरा. तोवर पोरगी सासरी जाईल. तिच्या लग्नाला या, पावसाळ्यात."

ह्यांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. आजही घेत नाही.

मग मी शिक्क्याची पोच टेबलावर ठेवली. "रद्द तर रद्द. तेवढं लिहून द्या. या नंबरचा माणूस माथेरानला नोकरी करतो म्हणून त्याची स्कूटर रद्द केली. खाली सही आणि शिक्का."

तोंडाने इतका ठाम असलेला कारकून, कागद पुढे सरकवला तर पेनाला हात लावेना. "असं लिहून देता येत नाही."

"वहीत लिहिलंत की!"

"ती आतली वही आहे."

"बरं. मग मी बसते." आणि बसले, दारातल्या बाकावर. भाकरीचं फडकं सोडलं, ह्यांच्या हातात चतकोर दिली. हे मान खाली घालून खात होते. पण 'ऊठ' म्हणाले नाहीत.

दुपारी मालक आला. त्याने वही पाहिली, पोच पाहिली, कारकुनाकडे पाहिलं. म्हणाला, "पुढच्या महिन्यात बघतो."

मी म्हटलं, "तेच लिहून द्या."

त्याने कारकुनासमोरचं पेन उचललं. मग तांबड्या रेघेखाली स्वतःची सही केली, आणि आमचा नंबर कायम असून पुढच्या खेपेला गाडी देऊ, असं कागदावर लिहून दिलं. पुढची खेप यायलाही दोन महिने लागले म्हणा. रंग कुणी विचारला नाही. हिरवी मिळाली, हिरवी आणली.

पोरगी तेव्हा दुसरीत होती. ऐन थंडीत बाप दारात उभा बघून तिने पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "किती दिवस राहणार?" हे म्हणाले, "रोज येणार." तिचा विश्वास बसला नाही. रोज तिन्हीसांजेला दारात बसून ती गाडीचा आवाज ऐकायची आणि आत पळायची.

पंधरा-वीस दिवस झाले असतील. नेरळच्या पुढे चाक पंक्चर झालं आणि ह्यांना यायला तासभर उशीर झाला. पोरगी पाटी घेऊन दारातच उभी.

"उशीर का झाला?"

"अगं, पंक्चर..."

"तोंडी नको. लिहून दे."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी दुसरीकडे बघितलं. मग हे उंबऱ्यावर बसले, पाटी मांडीवर घेतली आणि लिहिलं: आज पंक्चर झाल्यामुळे उशीर झाला. उद्या वेळेवर येईन. खाली पूर्ण सही केली. तिने अक्षर न् अक्षर वाचलं.

"शिक्का?"

ह्यांचे हात चाकाच्या काळ्याने माखलेले होते. त्यांनी सहीखाली अंगठा दाबला.

दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजी रागावले, तरी ती पाटी तिने पुसली नाही.