नुसते दोन कंस

आमच्या ऑफिसात तिला सगळे भित्रीताई म्हणतात. घरून निघताना गॅस तीनदा बघणारी, लिफ्ट सोडून पाच जिने चढणारी. मी गॅस एकदा बघतो, तोही आठवला तर. हॉस्पिटलात सलाइन सोडणाऱ्या पंपांचे प्रोग्राम आम्ही लिहितो.

त्या दुपारी तिच्या भावाने फोटो पाठवला. वडिलांचं ऑपरेशन पार पडलेलं, पलंगाशेजारी आमचाच नवा पंप.

"वा ताई, बाबांना घरचाच पंप!" मी म्हटलं.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "नळीत हवा शिरली की थांबायचं, ते मी याच्यात लिहिलंय का रे?"

सगळ्या पंपांसाठी तिने एक ॲबस्ट्रॅक्ट क्लास केला होता. म्हणजे नुसता दंडक: बाटली संपून नळीत शिरलेली हवा रक्तात गेली तर जीव जातो, म्हणून हवा दिसताच प्रत्येक पंपाला थांबता आलं पाहिजे; कसं थांबायचं, ते ज्याच्या त्याच्या कोडमध्ये लिहायचं. न लिहिलं तर कंपायलर, म्हणजे आमच्या लिखाणाचा प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर, काही तयारच करून देत नाही. नव्या पंपाचा हवा ओळखणारा सेन्सर तेव्हा हाती आला नव्हता. कंपायलरचं तोंड बंद करायला तिने थांबण्याच्या फंक्शनचं नाव लिहून पुढे नुसते दोन कंस टाकले होते, मागाहून भरू म्हणून. कंपायलर फंक्शन आहे ना, एवढंच बघतो. आत काही आहे का, हे त्याच्या गावीही नसतं.

फाइल उघडली. कंस रिकामेच होते.

तिला भावाचा नंबर सापडेना; मीच लावला आणि स्पीकर चालू करून फोन तिच्यापुढे धरला. "दादा, सिस्टरना बोलाव! नळीची चिमटी लावायला सांग, आत्ताच्या आत्ता!"

पलीकडे खुर्ची सरकली, पावलं धावली. मग काहीच ऐकू येईना. ती टेबलाची कड धरून "बोल ना, बोल ना" एवढंच म्हणत होती.

"लावली," भाऊ म्हणाला. "बाटली संपतच आली होती. बाबा विचारतायत, ही ऑफिसातही घाबरते का?"

ती ढसाढसा रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "असे आणखी किती गेलेत?"

"दहा."

"सगळ्या हॉस्पिटलांना फोन लाव. मी साहेबांना सांगते, चूक माझी आहे."

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. फाइलच्या नावापुढे तपासणाऱ्याचा शेरा होता: 'तपासलं, ठीक आहे.' खाली माझं नाव. भित्रीताईचं काम, त्यात काय बघायचं, म्हणून मी फाइल उघडलीही नव्हती.

पहिला नंबर तीनदा ताडून बघितला, मग दाबला.