अकरा नंबरची पाठ

या सदरात लिहिणाऱ्या बहुतेकांचा असल्या गोष्टींवर आधी विश्वास नसतो आणि शेवटी बसतो. माझा आधीही नव्हता, आजही नाही. त्यामुळे मी इथं बसते की नाही ते संपादकांनी ठरवावं. पंचवीस वर्षं नर्सची नोकरी केली. मेलेली माणसं पुष्कळ पाहिली, परत आलेलं एकही पाहिलं नाही — आणि आलंच असतं तर आधी केसपेपर काढायला पाठवलं असतं.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. लग्नात, बारशात भाच्या घेरतात — आत्या, अकरा नंबर सांग. मी सांगते, चांगली मीठमिरची लावून सांगते. पण घरात मी ही गोष्ट पाठीपर्यंतच सांगते. पुढचं आज पहिल्यांदा लिहितेय.

नव्वदीतली मधली वर्षं. केजच्या बाहेर रस्त्याला लागून एका ट्रस्टचा दवाखाना होता, नाव सांगत नाही. फाटकासमोर नवा एसटीडी बूथ झाला होता, गावात केबल आली होती आणि आमच्या ट्रस्टनं पुण्याहून एक टायवाले साहेब आणले होते. मे महिन्यात टाय. त्यांनी येऊन काढलेली पहिली गोष्ट म्हणजे ‘मधला वॉर्ड’. अंबाजोगाई-औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यातून जिवावरचं निभावून परत आलेले, पण अजून घरी पाठवता येत नाहीत असे पेशंट तिथं ठेवायचे. धड आजारी नाहीत, धड बरे नाहीत... आमच्या यजमानांसारखे.

या वॉर्डासाठी एक फॉर्म होता. रोज सकाळी आठला मी कॉटमागून कॉट फिरायची. स्वतः जेवतो का, स्वतः कुशीवर वळतो का, संडासला जातो का, बोललेलं समजतं का — असे आठ प्रश्न. त्यांचे मार्क घालून शेवटी एक अक्षर लिहायचं. ‘ए’ म्हणजे आठवड्यात घरी. ‘बी’ म्हणजे थोडा आधार लागतो, तो घरचे देतात. ‘सी’ म्हणजे दर दोन तासांनी नर्सचा हात लागलाच पाहिजे. सी जास्त झाले की जास्त नर्स लावाव्या लागत, म्हणून सी दिसला की साहेबांच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

आता आपल्याकडे पेशंटला प्रश्न विचारला की उत्तर नातेवाईक देतात. पेरणी तोंडावर आली की सगळेच पेशंट धावायला लागायचे. एका सुनेनं मला सांगितलं होतं, “चालतेत की! सोडलं तर नारायणगडाला जाऊन येतेन.” म्हातारबा सलाईन लावून पडलेले. उलट कुणाच्या घरात जागा नसली की धडधाकट माणसालाही घास भरवावा लागायचा. म्हणून मी माझा नियम केला होता. नातेवाइकाला चहाला पिटाळायचं आणि पेशंटलाच विचारायचं. या नियमाचा मला फार अभिमान होता. नव्या मुलींना मी तो शिकवायची सुद्धा.

दिवाळीनंतर बिराजी आले. मेंढपाळ, पंचावन्नच्या आसपासचे. अंगावरून वारं गेलेलं, उजवी बाजू लुळी, वाचा बंद. दुपारी भरती झाले तेव्हा मी ड्यूटीवर नव्हते. दुसऱ्या दिवशी कागदावर वाचलं — घरचे: पत्नी, दोन मुलगे. आणि अकरा नंबरच्या कॉटशी गेले तर कॉट आणि भिंतीच्या मधे जमिनीवर एक बाई बसलेली. विटकं हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, एक हात कॉटच्या लोखंडावर.

बिराजींना वाचाच नव्हती. तेव्हा माझा नियम बाजूला ठेवून मी तिला विचारलं, तुम्ही घरच्या का?

“व्हय.”

“यांना कुशीवर कोण वळवतं?”

“मीच की. घडीघडीला.”

खरं तर फॉर्ममध्ये पेशंट स्वतः काय करू शकतो ते लिहायचं असतं. नातेवाईक काय करतात ते नाही. त्या हिशोबानं बिराजी सरळसरळ सी होते. मी बी लिहिला. छत्तीस पेशंट आणि मी एकटी होते, हे कारण. साहेबांच्या आठ्या, हे दुसरं. तिसरं म्हणजे ती बाई खरंच नीटनेटकी वाटली. आणि एकदा सकाळच्या पाळीनं बी लिहिला की दुपारच्या आणि रात्रीच्या सिस्टर तो वाचून पुढं जातात. कुणी वळवून बघत नाही.

असे एकोणीस दिवस. रोज ती तिथंच, मी रोज विचारायची, ती रोज तेच सांगायची. एके दिवशी मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी बिराजींच्या खांद्याखाली हात घालायला वाकले. तर ती म्हणाली,

“ऱ्हाऊ द्या, बाई. आत्ताच वळिवलंय. तुमाला लई जण हायत, जावा पुढं.”

हे वाक्य मला सासूनं कधी म्हटलं नाही, नवऱ्यानं म्हटलं नाही, साहेबांनी तर नाहीच. मी गेले पुढं.

विसाव्या दिवशी साडेदहाला आमच्या इनचार्ज साळवेसिस्टर वॉर्डात आल्या. अकरा नंबर एवढे दिवस बी आहे तर कॉट रिकामी करा, असं साहेबांचं म्हणणं होतं. मला म्हणाल्या, घरच्या माणसाला बोलाव, कसं वळवायचं ते दाखवू आणि सोडून देऊ.

कॉट-भिंतीमधली जागा रिकामी होती. मी म्हटलं, चहाला गेल्या असतील, त्यांच्या मिसेस.

आमच्या कौसाबाई फरशी पुसत होत्या. वॉर्डातल्या आया. त्यांनी फडकं बादलीत टाकलं आणि म्हणाल्या, “कोन मिशेस? त्येंचं कुनीच न्हाई ओ, सिस्टर. पोरं टाकून गेली ती गेली. मेंढरं घिऊन गंगथडीला, नदीकाठी चारायला गेलेत समदे. पेज मी पाजिते, कापडं मी बदलिते.”

“आणि वळवतं कोण?”

“ते काय माझं काम हाय का?”

शेजारच्या बारा नंबरला केजचे किराणा दुकानदार मन्मथअप्पा होते. मांडी मोडलेली, पायाला वजन लटकवलेलं, महिनाभर कॉटवरून हललेले नव्हते. दिवसभर सगळ्या वॉर्डाकडे बघत पडायचे. मी त्यांना विचारलं, हिरव्या लुगड्यातल्या बाई कुठं गेल्या.

अप्पांनी मान माझ्याकडे वळवली. मग हळूच म्हणाले, “बाई कुटली, सिस्टर? तुमीच रोज यून बोलत हुबं ऱ्हायच्या. आमी म्हणायचो, बघा, गड्याला वाचा न्हाई तरी किती धीर देते पोरगी.”

माझ्या डोक्यात बाई नव्हतीच. माझ्या डोक्यात पाठ होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हलता न येणारा माणूस एकाच कुशीवर राहिला तर दोन-तीन दिवसांत कातडी लाल होते. आठवड्यात फुटते. वीस दिवसांत माकडहाड दिसायला लागतं. मग ताप, आणि मग माणूस जातो. घरून आलेले असे पेशंट मी पाहिले होते. त्यांचा वास कॉटच्या आधी पोचतो. मी तिथं उभी राहून वास घेत होते. फिनेलचा येत होता.

साळवेसिस्टर एवढंच म्हणाल्या, “वळव.”

आम्ही दोघींनी त्यांना कुशीवर घेतलं, सदरा वर केला. पाठ कोरडी होती. खांद्यावर काही नाही, कमरेवर काही नाही, माकडहाडावर लाल ठिपकासुद्धा नाही. मी बोट दाबलं. जागा पांढरी झाली आणि लगेच भरून आली, चांगल्या कातडीची येते तशी. आणि लुळ्या पायाच्या टाचेखाली आमच्याच वॉर्डातल्या बँडेजची चुंबळ होती. आम्हाला ट्रेनिंगमध्ये कापसाचं कडं करायला शिकवतात. हे कडं नव्हतं. बायका डोक्यावर घागरीखाली ठेवतात तशी, पिळून, टोक आत खोचलेली चुंबळ. मी अंबाजोगाईची, नळाच्या पाण्यावर वाढलेली. मला आजही चुंबळ वळता येत नाही.

साळवेसिस्टरनी ती हातात घेऊन पाहिली, परत टाचेखाली सरकवली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “स्वतः एवढं करतेस, तर बी कशाला लिहितेस गं? साहेबांना एवढं भ्यायचं? सी लिही.”

मी सी लिहिला.

घरात गोष्ट इथं संपते. भाच्या विचारतात, घाबरली का गं आत्या? मी म्हणते, घाबरू नको तर काय, दोन दिवस अंगात ताप होता. खोटं आहे ते. मला काहीच झालं नाही. मी बारा नंबरला गेले, अप्पांच्या पायाचं वजन तपासलं, मार्क घातले, अक्षर लिहिलं. घरी जाऊन भाकऱ्या थापल्या. कडेनं चांगल्या फुगल्या होत्या, एवढं आठवतं. त्या दिवसापासून दर दोन तासांनी आम्ही बिराजींना वळवत होतो, आणि ती बाई मला पुन्हा दिसली नाही.

दीड महिन्यानं बिराजींची वाचा थोडी मोकळी झाली. काठी धरून चार पावलं टाकायला लागले. मुलांना निरोप गेला आणि सकाळच्या एसटीनं थोरला मुलगा आला, सोबत त्याची आई. चांगली उंच, काळी, घोगऱ्या आवाजाची बाई. मी ज्या बाईशी एकोणीस दिवस बोलले ती ही नव्हती. तरी मी विचारून घेतलं, की भरतीनंतर तुमच्याकडचं कुणी इथं थांबलं होतं का... बहीण, भावजय. मुलगा ओशाळला. म्हणाला, कुणालाच ठेवता आलं नाही बाई, मेंढरं थांबत नाहीत.

बिराजी कॉटवर बसले होते. डावा हात माझ्याकडे केला आणि वाकड्या तोंडानं, एकेक शब्द सावकाश जुळवत बायकोला म्हणाले, “हिनं... वळिवलं मला. दिसाबी. रातच्यालाबी. सोताच्या हातानं.”

रात्री मी घरी झोपलेली असायची. सकाळच्या आठ तासांतही त्या एकोणीस दिवसांत मी त्यांच्या अंगाला एकदाही हात लावला नव्हता. आमचे यजमान म्हणतात, थकव्यात माणूस काहीही बघतं, बाई तुझ्या डोक्यातली होती. बरं, मानलं. मग पाठ? त्यावर ते पेपर उघडतात. मला या सगळ्याचं स्पष्टीकरण सापडलेलं नाही. वाचकांपैकी कुणाकडे असेल तर जरूर कळवा, पण मी त्यासाठी लिहायला बसले नाही.

बिराजींचं बोलणं ऐकून त्यांची बायको पुढं आली. माझ्या आईच्या वयाची ती बाई. वॉर्डाच्या मधोमध खाली वाकली आणि माझ्या दोन्ही पायांवर तिनं डोकं टेकलं. साळवेसिस्टर बघत होत्या, अप्पा बघत होते, कौसाबाईंनी पदर डोळ्याला लावला होता. एवढी मोठी बाई पाया पडते म्हटल्यावर कुणीही पाय मागं घेतं, तिला उठवतं, अहो हे काय म्हणतं. आणि मला तर सांगायचंही होतं, की मावशी, मी नाही केलं, मी फक्त एक अक्षर लिहिलं होतं आणि तेही चुकीचं.

मी पाय मागं घेतले नाहीत. तिचं डोकं उठेपर्यंत तशीच उभी राहिले.