खालचे चार दात

दातांची गाडी मी चार वर्षं चालवली. चालवली कसली, ओढली. आत खुर्ची, दिवा, पाण्याची टाकी, हवेचं यंत्र असा सगळा संसार. शिरूरहून निघून दौंडकडच्या शेवटच्या गावाला टेकेपर्यंत माझा एकेक मणका जागा बदलायचा. आज माझ्या कमरेत जे मणके आहेत त्यातले निम्मे मूळचे मानेचे आहेत.

गाडी सणसवाडीच्या एका कंपनीची, डॉक्टर पुण्याकडच्या एका डेंटल कॉलेजचे, आणि नर्सबाई व औषधं मिशनच्या जुन्या दवाखान्याची. मार्च आला की तिघांचा करार संपायचा. मग तिन्हीकडची माणसं टेबलाभोवती चहा प्यायची आणि पुढच्या साली गाडी निघणार की नाही, हे ड्रायव्हर सोडून सगळ्यांना कळायचं. मी आपला टायरात हवा भरून बसायचो.

गावात पुकारा करायचं कामही माझ्याकडेच. ते मला कुणी दिलं नव्हतं, गळ्याने मिळवलं होतं. वरवंडला मी एकदा नुसता खाकरलो, तर सोलापूरकडे निघालेले चार ट्रक कडेला घेऊन उभे राहिले. नर्सबाई मला कागद लिहून द्यायच्या: दाततपासणी, दात काढणे, गरजूंना कवळी, सर्व मोफत. आता एवढ्यावर कोण येतंय? आमच्याकडे दाढ ठणकली तर माणूस तिच्यावर तंबाखूची चिमूट दाबतो आणि कांदे काढायला जातो. म्हणून मी त्या कागदाला जरा फोडणी द्यायचो.

वडगाव रासाईला आबा आले ते अशाच एका फोडणीच्या वासावर. धनगराचं घर. मेंढरं कधीच विकली, आता ऊस आणि कांदा. पण म्हातारा अजून चालताना मागे कळप असल्यासारखा वळून बघायचा. वरच्या हिरडीत दात नावाला नव्हता. खाली समोरचे चार होते. डॉक्टरमॅडमनी ते हलवून पाहिले आणि खूश झाल्या.

"आबा, वर पूर्ण कवळी करू. खाली अर्धी, या चार दातांना अडकवून. हे चार म्हणजे खुंट आहेत, सांभाळा."

"बाई, मला दुसरं काय नगं," आबा म्हणाले. "दोन वरसं झाली, सून भाकरी दुधात कुस्करून पुढ्यात ठिवती. भाकरी न्हाई ती, चिखुल हाय. एक डाव कडक भाकरी तोडायची हाय मला. अशी, की वाजली पायजे."

माप घ्यायला पंधरा दिवसांनी बोलावलं. त्या पंधरा दिवसांत माझी जीभ सुटली. पुढच्या फेरीला गर्दी कमी पडू नये म्हणून आदल्या आठवड्यात मी मोटरसायकलवर भोंगा बांधून भीमेच्या काठची सगळी गावं पालथी घातली. गळ्यात असं काही वारं भरलं की नदीतले मासे वर येऊन ऐकत होते. आणि मी ओरडलो, "तोंडात एकही दात नसेल त्यालाच! बत्तीसच्या बत्तीस, एकसारखे, पांढरेशुभ्र, उसाचं कांडं सोलणारे! एकही दात नसेल त्यालाच!"

'त्यालाच' हा शब्द कागदात नव्हता. तो माझा.

पंधराव्या दिवशी आबा तोंडाला उपरणं लावून रांगेत पहिले उभे होते. मॅडमनी उपरणं काढलं. खालचे चारही गायब. बाजारात चादर अंथरून दात काढणारा एक बसायचा, त्याच्याकडून काढून घेतले होते.

"आबा, हे काय केलंत?" मॅडमचा आवाज चिरकला.

"आवं बाई, मेंढराचं वय आमी दातावरनंच वळखतो. दोन दाती, चार दाती, समदं तोंड भरलं की जुळलेलं. अर्ध्या तोंडाच्या मेंढराला बाजारात कुत्रं इचारत न्हाई. म्हनलं, बसवायचेच तर समदे एका वानाचे बसू द्या. आन् पुकारा बी तसाच झाला की. एक बी दात नसंल त्यालाच."

"असं कोण म्हणालं?"

मी गाडीखाली शिरलो. ऑइल गळतंय का बघायला. ऑइल गळत नव्हतं. तरी मी तिथे जेवढा वेळ पडून होतो तेवढ्यात माझ्या अंगावर गवत उगवायचं तेवढं राहिलं. नर्सबाई वाकून म्हणाल्या, "निघा आता बाहेर. कागदात काय होतं ते मी सांगितलंय मॅडमना."

जखम भरायला अडीच-तीन महिने, त्यानंतर माप, त्यानंतर कवळी. आणि मार्चला उरले जेमतेम चार महिने. मी इतकी वर्षं गाडी चालवली, पण तारखा मोजत कधी चालवली नव्हती. दर फेरीला आबा तोंड उघडून बसायचे, मॅडम हिरडीवर बोट फिरवून मान हलवायच्या, आणि मी परतीच्या वाटेवर कुणाशी बोलायचो नाही. लोकांना वाटलं, याचा घसा गेला.

अखेरच्या फेरीला कवळी आली. वरची चपखल बसली. खालची नाचायची. आबा बोलायला लागले की ती त्यांच्या आधी बोलायची. मॅडम नर्सबाईंना हळूच म्हणाल्या, "ते चार असते तर धरून राहिली असती." हळूच म्हणाल्या, पण मला भोंग्यावरून ओरडल्यासारखं ऐकू आलं. चार-सहा वेळा घासून, आतून भरून बसवावी लागणार होती. आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी कंपनीच्या आवारात, ताडपत्रीखाली.

मग नर्सबाईंनी मॅडमना गळ घातली. मॅडम सुट्टीच्या गुरुवारी मिशनच्या दवाखान्यात यायला लागल्या आणि मी आबांना मोटरसायकलवर मागे बसवून न्यायला लागलो. ऊन असं की डांबरावर भाकरी भाजावी. चौथ्या गुरुवारी येताना नदीच्या पुलावर पाणी प्यायला थांबलो, तेव्हा माझ्याने राहवलं नाही.

"आबा, तुमचे चार दात काढायची काही गरज नव्हती. ते मी वाढवून बोललो होतो."

"ठावं हाय," आबा म्हणाले. "नर्सबाईनं त्याच दिशी सांगितलं."

"मग मला बोलला का नाही? दोन शिव्या तरी घालायच्या."

"शिव्या घातल्या असत्या तर फिटलं म्हनून तू घरी बसला असतास. मग मला गुरवारचं नेलं कुनी असतं, तुझ्या भोंग्यानं?"

मी हसलो. थकलेला माणूस हसतो तसं, नुसतं नाकातून.

पावसाळा सरता सरता करार पुन्हा झाला. वडगावला गाडी लावली, नर्सबाईंनी कागद दिला, आणि मी त्यातला एकेक शब्द लिहिला तसा वाचला. बारा माणसं आली. आबा पुढेच बसले होते, फडक्यात भाकरी बांधून.

"घसा बसला का रं तुझा?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी कवळी आणखी एकदा घासून बसवली. आबांनी भाकरीचा तुकडा उजव्या दाढेखाली धरला आणि खालची कवळी अंगठ्याने दाबून ठेवली. भाकरी वाजली. अंगठा काढला तशी कवळी उठली.

"दाबून खातो," आबा म्हणाले. "एक अंगठा त्येच्यात गुतला म्हनून काय झालं, नऊ बोटं मोकळीच हायती की." आणि पुढचा तुकडा तोडला.

मॅडमनी आबांच्या कागदावर पुढची तारीख घातली. मी गाडीत चढलो. कंबर धरून.