काका ज्यूस घेऊन आले

बसा, बसा. चहा येतोय. चहाच येतोय, घाबरू नका, ज्यूस नाही! आमच्या बिल्डिंगमध्ये हल्ली मला हे आधीच जाहीर करावं लागतं.

का म्हणून काय विचारता? अहो, तोच तर किस्सा आहे! तशी मला फजितीची सवय आहे. पण ही फजिती दोन महिने रोज सकाळी नेमानं चालू होती, अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होती, आणि ज्याची होत होती तो मी एकटाच काय तो अंधारात. बरं, अंधारात तरी गप्प बसावं ना? छे! मी इस्त्रीचा शर्ट घालून ती करून घ्यायला जात होतो.

सुरुवात डॉक्टरांनी केली. रिपोर्ट बघून म्हणाले, "गायधनी, कोलेस्टेरॉल वाढलंय. फळं-भाज्या वाढवा, वजन उतरवा." एवढंच. पण हे मी माझ्या मुलीला, मुक्ताला, फोनवर सांगितलं. ती बंगळुरूला असते. तिला काही सांगितलं की दोन-चार दिवसांत ते खोक्यात भरून माझ्या दारात येतं. मागे एकदा 'घर फार शांत वाटतं गं' म्हणालो, तर बोलणारा स्पीकर आला. तो मला नाशिकचं हवामान सांगतो. मी ते खिडकीतून बघू शकतो, पण त्याला वाईट वाटू नये म्हणून ऐकतो.

तर या वेळी ज्यूसर आला. चांगला फूटभर उंच, एका नळीतून रस, दुसऱ्या नळीतून चोथा. मुक्ता व्हिडिओ कॉलवरून सूचना देत होती. "बाबा, गाजर उभं चिरा. आता बटण दाबा." दाबलं. यंत्र घुरघुरलं, गाजर आत गेलं, आणि रस आला की हो!

"आला, आला!" मी ओरडलो.

"बाबा, खाली जग ठेवलाय ना?"

तुम्हीच सांगा, हे आधी सांगायला नको? केशरी ओघळ ओट्यावरून चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये गेला, तिथून खालच्या तांदळाच्या उघड्या डब्यात. पुढं आठवडाभर मी किंचित केशरी भात खाल्ला. आयुष्यभर ड्राफ्ट्समन म्हणून पाण्याच्या कालव्यांचे नकाशे काढलेला माणूस मी! कुठलं पाणी कुठं जाईल हे मला कळायला हवं होतं.

पण खरी चूक ही नव्हे. खरी चूक बाजारात झाली.

माझी बायको, नलू, होती तोवर बुधवारी गोदाकाठच्या बाजारात भाव ती करायची, पिशवी मी धरायचो. ती गेल्यापासून मी कोपऱ्यावरच्या गाडीवरून दोन वांगी, चार मिरच्या असं घेत होतो. आता ज्यूससाठी पुन्हा बाजारात गेलो. गाजरवाली म्हणाली, "किती देऊ, बाबा?"

मला हवी होती पावशेर. पण 'पावशेर' तोंडातून निघेना. पावशेर गाजर कोण घेतं? ज्याच्या घरी खाणारं दुसरं कुणी नाही तो! बाईनं एकदा मान वर करून बघितलं असतं, बस्, एवढंच. पण ते मला नको होतं.

"किलोभर द्या," मी म्हणालो. "घरी माणसं आहेत."

मग काय! किलोभर गाजर, किलोभर बीट, दुधी, काकड्या, पालकाच्या चार जुड्या. प्रत्येक टोपलीपाशी माझं कुटुंब वाढत गेलं. रिक्षानं घरी आलो तेव्हा मी चांगला आठ-दहा माणसांचा कर्ता पुरुष होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठोकाठ जग भरला. मी एक पेला प्यायलो. उरलेल्याचं करू काय? तासाभरात प्यायला हवा म्हणे. ओतून टाकणं आमच्या रक्तात नाही. मग नलूचा कडीचा डबा काढला, त्यात रस ओतला आणि समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली.

समोर केतकी राहते. बँकेत नोकरी, सकाळची धांदल, एका हातात कंगवा. "अय्या काका, ज्यूस! कशाला उगीच त्रास घेतलात?" डबा घेतला, दोन शब्द बोलली. "मुक्ताताई बरी आहे ना? गुडघा काय म्हणतोय?" आणि आत गेली. एवढंच! चहा गाळायला लागतो तेवढा वेळ. पण मला आपलं दिवसभर बरं वाटत राहिलं.

संध्याकाळी डबा परत आला. उघडतो तर आत मटकीची उसळ!

आता तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. साखर घालतील, दोन लाडू घालतील, पण रिकामं नाही. मला का हे ठाऊक नव्हतं? याच डब्यातून नलूनं किती घरी काय काय पाठवलंय! पण माणसाला जे हवं असतं तेच दिसतं. मी म्हणालो, वा, पोरीला ज्यूस आवडला!

म्हणून दुसऱ्या दिवशी मोठा डबा नेला.

संध्याकाळी मोठ्या डब्यात भरून कढी आली. कढीत कढीपत्ता इतका की बोटानं बाजूला सारून कढी शोधावी लागली. तिसऱ्या दिवशी खालच्या बोरस्ते आबांकडेही डबा गेला. आबा दिंडोरीचे. द्राक्षबाग मुलाच्या हाती देऊन नातवंडांच्या शाळेसाठी सुनेबरोबर, मनीषाबरोबर, इथं राहतात. त्यांच्याकडून बाजरीच्या भाकरी आणि काळ्या मसाल्याची आमटी आली. मग वरच्या मजल्यावर डबा, मग शेजारच्या जिन्यात. माझे डबे संपले, तर लोक आपल्या डब्यात भरून द्यायला लागले, आणि ते परत करायला मी पुन्हा ज्यूस भरायला लागलो. रिकामं कसं द्यायचं?

मी नुसता फुललो होतो. सकाळी उठून दाढी करायचो. शर्टाला इस्त्री. रोज नवीन प्रयोग. एकदा कारलं, दुधी, आवळा आणि सालासकट लिंबू असा काढला. केतकी म्हणाली, "आत्ताच पिते, काका." एक घोट घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, वडिलांची आठवण झाली असेल.

तिचा नवरा निनाद तेवढा कधी भेटला नाही. घरूनच काम करतो. चपला दारात, पण माणूस आतल्या खोलीत. "मीटिंग चालू आहे, काका," ती म्हणायची. बिचारा! मी म्हणायचो, सकाळी आठलाच यांना जुंपतात, रक्त शोषून घेतात तरुण पोरांचं. त्याच्यासाठी मी बीट जास्त घालायला लागलो.

दोन महिन्यांनी डॉक्टरांकडे गेलो, काट्यावर उभा राहिलो. डॉक्टर चष्मा पुसून परत बघायला लागले.

"गायधनी, वजन वाढलंय! काय खाता तुम्ही?"

"ज्यूस पितो."

"आणि?"

"आणि ज्यूसच्या बदल्यात जे येतं ते."

डॉक्टरांनी हात जोडले. "ते आधी बंद करा."

घरी येतो तर खाली पार्किंगमध्ये आबा प्लास्टिकच्या खुर्चीवर उन्हाला बसलेले. म्हटलं, बरे भेटले.

"आबा, मनीषाला सांगा, डबा जरा कमी भरत जा म्हणावं. वजन वाढलंय माझं."

आबांनी मला खालून वर न्याहाळलं. "म्हंजे पोटभर व्हतंय ना तुमचं?"

"पोटभर? फुटायला आलंय!"

"मंग रोज ज्यूस कशापायी पाठवता?"

"म्हणजे?"

"आता माझ्यापाशी काय लाजायचं, साहेब? एका वयाची माणसं आपण. वहिनी गेल्या, तुमच्या घरात शिजत नाय, ते काय आम्हाला कळत नाय व्हय? तोंडानं मागवत नाय माणसाला. म्हणून तुम्ही भांडं पाठवता, आम्ही भरून देतो. त्यात काय एवढं? बायांनी पाळ्या लावून घेतल्यात. आज आमच्याकडं, उद्या त्या केतकीकडं. कुणाला जड नाय."

मंडळी, माझ्या हातातली औषधांची पिशवी खाली पडली.

"आबा, मी स्वयंपाक करतो! रोज करतो! पोळ्यासुद्धा!"

"गोल?"

"गोल!"

"आन् मंग ज्यूस?"

"तो तुम्हा सगळ्यांना आवडतो म्हणून!"

आबा एकदा माझ्याकडं बघायचे, एकदा समोरच्या स्कूटरकडं. मग हळूच म्हणाले, "लय वंगाळ लागतो वो."

"पण तुम्ही पिता ना?"

"मी पितो घोटभर. गड्याचं मन मोडवत नाय. पोरं नाय पीत. आन् ती केतकी कढीपत्त्याला घालती. बघा की ग्यालरीत, कसला माजलाय!"

मी वर बघितलं. केतकीच्या गॅलरीत कढीपत्ता ग्रिलमधून बाहेर आला होता. आणि मला ती कढी आठवली. म्हणजे मी ज्यूस द्यायचो, तो कढीपत्ता प्यायचा, आणि कढीपत्ता मी खायचो! एवढी यातायात करून माझा ज्यूस शेवटी माझ्याच पोटात येत होता.

हसा, हसा. मी नाही हसलो तेव्हा.

खरं सांगू? ज्यूस वंगाळ होता याचं काही नाही वाटलं. वाईट वाटलं ते वेगळंच. किलोकिलोनं गाजरं आणून मी ज्या गोष्टीवर पांघरूण घालत होतो, ती सगळ्यांना आधीपासून माहीत होती. मी दार वाजवलं की आतमध्ये म्हणत असतील, आला बिचारा. 'बिचारा' हा शब्द मी दुसऱ्यांसाठी पुष्कळ वापरलाय. आपल्या वाट्याला आला की तो फार झोंबतो.

ज्यूसर पुसून खोक्यात घातला. बेल वाजवायला जाणं बंद. दाढी एक दिवसाआड, मग दोन दिवसांनी. मुक्ताला सांगितलं, मजेत आहे. सकाळी चहा घेऊन बसायचो आणि दिवस पुढं सरकायचाच नाही. दोन महिन्यांपूर्वीही असाच बसत होतो की! पण मध्ये बोलायची सवय लागली होती ना. एकदा तर मी त्या स्पीकरला विचारलं, "बाकी काय म्हणतोस?" तो म्हणाला, मला तुमचा प्रश्न समजला नाही.

आणि ओट्यावर सगळ्या बिल्डिंगचे डबे! रिकामे देता येईनात, ज्यूस भरून द्यायची सोय राहिली नाही.

एका शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. माझ्या घरची बेल! इतकी कर्कश आहे हे मी विसरूनच गेलो होतो. दारात केतकी.

"काका, बरे आहात ना? किती दिवस मशिनचा आवाज नाही. आणि अं... माझे डबे आहेत का तुमच्याकडं? मी आइस्क्रीमच्या डब्यातून ऑफिसला पोळी-भाजी नेतेय हो!"

मी डबे आणून दिले. "रिकामे आहेत. माफ कर. आणि केतकी, मला आबांनी सगळं सांगितलं. मी उपाशी नव्हतो गं. मी पोळ्या करतो."

तिचा चेहरा पडला. "अगंबाई! मग तो ज्यूस कशाला आणायचात?"

आता यावर काय सांगायचं? आयुष्यभर जे बोललो नाही ते दारात उभं राहून कसं बोलणार? पण निघून गेलं तोंडातून.

"बेल वाजवायला हातात काहीतरी लागतं ना."

ती डब्याची कडी उगाच वर-खाली करत राहिली. मग म्हणाली, "रिकाम्या हातानं या ना, काका. उद्या रविवार आहे, चहाला या. आणि खरंच सांगते, रिकाम्याच हातानं या."

त्या 'रिकाम्याच' वरचा जोर माझ्या लक्षात आला नाही. माझे डोळे भरून आले होते.

रविवारी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि डबा न घेता निघालो. त्या मोकळ्या हातांचं काय करावं तेच कळेना. एक खिशात घातला. दुसऱ्यानं बेल वाजवली.

केतकीनं दार उघडलं. आधी माझ्या हाताकडं बघितलं, मग वाकून माझ्या पाठीमागं बघितलं, आणि आतल्या खोलीकडं तोंड करून केवढ्यांदा ओरडली, "निनाद, ये बाहेर! काका आलेत, पण ज्यूस नाहीये!"

आतल्या खोलीची कडी निघाली. होय, कडी! आतून लावलेली! आणि दोन महिने ज्याच्या काळजीनं मी बीट वाढवत होतो तो चांगला गलेलठ्ठ, हसरा तरुण बर्मुडा चड्डीवर बाहेर आला आणि माझ्या शेजारी सोफ्यावर बसला.

मी म्हणालो, "आज सुट्टी वाटतं? तुम्हाला मीटिंगा फार असतात ना?"

"हो ना, काका," तो माझ्यापुढं चहाचा कप सरकवत म्हणाला, "तुम्ही यायच्या वेळेला नेमकी असायची."