मालविनाची काथवट

हातभर जागेसाठी वीस वर्षं भांडावं ते आमच्या मालविनानंच. तिच्या नि शेजारच्या ईताच्या बटाट्याच्या वावरांमधलं कुंपण ईताच्या सासऱ्यानं सरकवलं, असा तिचा दावा.

त्या साली, एकोणीसशे एकोणचाळीसला, आमच्या सरकारातली मोठी माणसं मॉस्कोला बोलणी करायला गेली. रशियाला सरहद्द आमच्या गावाच्याही मागं ढकलून हवी होती. लेनिनग्राड फार जवळ पडतं म्हणे.

मालविना म्हणाली, "मला धाडायचं होतं. कुंपण म्हणजे काय ते मी सांगितलं असतं."

"तू गेली असतीस तर लढाई त्याच दिवशी लागली असती," कुंपणापलीकडून ईता.

लागली ती नोव्हेंबर सरताना. सकाळी नदीपलीकडून तोफा सुरू झाल्या. आमचा शिपाई सांगत आला, तासाभरात निघा. शत्रूला आसरा नको म्हणून घरं आपणच जाळणार. म्हातारी माणसं न्यायला मी घोडागाडी घेऊन गेलो, तर मालविना गुडघ्यांवर बसून जमीन घासतेय.

"आजी, हे जाळायचंय."

"जाळ की. पण घाणेरडं घर जाळलं, असं कुणी म्हणायला नको."

तिच्या हुकमानं नवरा आतू भांडी घासत होता. बिचाऱ्यानं पीठ मळायची लाकडी काथवटही घासली, कढत पाण्यानं. आमच्यात भाकरीची काथवट कुणी धूत नाही. कडेला वाळलेल्या पिठातच पुढच्या भाकरीचं पीठ आंबवणारं विरजण असतं. मालविनाचं तर आईकडून आलेलं. घरासाठी न रडलेली बाई ती पांढरीफेक काथवट बघून मटकन बसली नि रडली.

"सगळं घास, तूच म्हणालीस," आतू पुटपुटला.

गाडीत ईता आधीच बसलेली, मांडीवर काळीकुट्ट काथवट. कोसभर दोघी पाठीला पाठ लावून बसलेल्या. मग आतूनंच चाचरत काथवटीचं सांगितलं. ईतानं सुरी काढली, कडेचं पीठ खरवडलं, फडक्यात बांधलं.

"धर. लग्न होऊन आले तेव्हा तुझ्याच आईनं दिलेलं."

"इतकी वर्षं सांभाळलंस?"

"तुझ्याशी भांडायचं तर पोटात भाकर नको?"

मालविनानं पुरचुंडी पोलक्यात, अंगाशी धरली. थंडीनं विरजण मरतं. मागं गावावर धूर चढत होता. तिनं एकदाच वळून पाहिलं.

"पण कुंपणाचं माझंच खरं होतं."

"बरं बाई," ईता म्हणाली. "परत आलो की सरकव हातभर."