गोकाकचा दगड आणि आमच्या मळ्यातली विहीर

"मी पण येणार दगड आणायला," असं मी म्हटलं तेव्हा सासूबाईंनी हातातलं सूप खालीच ठेवलं. बाईमाणसाचं खाणीवर काय काम? पण आमची पद्मा जाऊन तीन-चार महिने झाले होते आणि तेव्हापासून मला कोणी फारसं अडवत नव्हतं. हे म्हणाले, "येऊ दे की तिला. घरात बसून तरी काय करणार?" असा आमचा निपाणी ते गोकाक प्रवास ठरला, घरच्याच बैलगाडीतून. गाडी हाकायला आमचा जुना गडी सत्याप्पा.

पद्मा आमची एकुलती लेक, नऊ वर्षांची. आम्ही जैन. पाणी फडक्यातून गाळूनच पितो, आणि फडक्यात राहिलेले बारीक जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडतो. मोठी माणसं दोरीनं भांडं पाण्यापर्यंत सोडतात आणि हळूच कलतं करतात. पोरीला ते पटायचं नाही. "दोरीला हिसका बसला की वरनंच सांडतंय. त्यांना लागतंय की गं आई," म्हणायची. एका सकाळी ती मळ्यातल्या विहिरीच्या भिंतीतून पुढे आलेल्या दगडांवर पाय देत स्वतःच खाली उतरली. आम्ही पोचलो तेव्हा पाण्यावर फडकं तेवढं तरंगत होतं.

तेव्हापासून विहिरीवरून आमचं दोघांचं पटत नव्हतं. ह्यांना तोंडावर लांब फरशा आडव्या टाकून ती कायमची बंद करायची होती. मला आत भिंतीला रुंद पायऱ्या बसवून हव्या होत्या. आमच्याकडचा काळा दगड फोडला की नुसते गोटे निघतात, त्यामुळे झाकण असो की पायऱ्या, थरांचा दगड गोकाककडूनच आणावा लागणार होता. तेवढ्या एका गोष्टीवर आमचं एकमत.

उजाडता उजाडता निघालो. तुम्ही गाडीनं जाणार असाल तर बैलांना तवंदीच्या घाटाआधी पोटभर पाणी पाजा, वर लवकर मिळत नाही. घाटात समोरून प्रवाशांची सर्व्हिस मोटार आली, भोंगा वाजला आणि आमचा डावा बैल असा बुजला की सत्याप्पानं त्या मोटारवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मला हसू आलं. लगेच वाटलं, हे ऐकायला पद्मा हवी होती, टाळ्या पिटून हसली असती. मग वळणं संपेपर्यंत मी पदर तोंडाला लावून बसले.

संकेश्वरात दिवस मावळायच्या आत पोचायलाच हवं होतं, कारण अंधार पडल्यावर आम्ही जेवत नाही. बाजाराच्या कडेला वाळत घातलेल्या मिरच्यांनी डोळ्यांत पाणी आणलं. मला ते बरंच झालं, कोणी काही विचारलं नाही. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती, दही तिथं घेतलं. धर्मशाळेत जागा फुकट मिळते, पण अंथरूण आपलं आपण न्यावं.

दुसऱ्या दिवशी हुक्केरीच्या अलीकडं रस्त्यालाच एक पायऱ्यांची विहीर लागली. मी घागर आणि फडकं घेऊन निघाले. हे गाडीजवळच थांबले, पाठ करून. मी अगदी पाण्यापर्यंत उतरले, पाणी गाळलं, फडकं पाण्याला टेकवून उलटं केलं. किती सोपं होतं हो! एवढंच तर करायचं होतं माझ्या पोरीला. खालच्या पायरीवर बसून मी पाण्यात हात घातला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडले. वरून ह्यांची हाक आली, मग दुसरी आली, आणि तिसऱ्या हाकेला हे धावत अर्ध्या पायऱ्या उतरून आले होते. चेहरा पांढराफटक.

"ओ द्यायला काय झालतं तुला?"

"ऐकू न्हाय आलं," मी म्हटलं. त्यांच्या त्या चेहऱ्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

घटप्रभेजवळ मुक्काम करून तिसऱ्या सकाळी खाणीवर गेलो. धबधबा तिथून लांब नाही, लोक मुद्दाम बघायला येतात, पण आम्ही त्या वाटेला गेलो नाही. खाणीवरचा यल्लप्पा पाथरवट कानडीच बोलायचा, पण आमच्यासाठी मराठीवर आला. त्यानं एक लांबलचक तांबूस दगड दाखवला. अंगावर वहीच्या पानांसारखे थर. पाणी ओतून त्यानं हात फिरवला, हातोडीनं जागोजागी ठोकून कान लावला.

"दगड चांगला हाय अण्णा. थरावर पाचरी मारतो, लांब फरशा सुटतील. तशाच ठेवल्या तर हिरीच्या तोंडावर या काठापासनं त्या काठापर्यंत बसतील. मधी तोडल्या तर पायऱ्या व्हतील, पर मग झाकायला पुरायच्या न्हाईत. काय करू ते आत्ताच सांगा."

"लांबच राहू दे," हे म्हणाले.

"मधी तोडा," मी म्हणाले.

यल्लप्पानं गेरूची दोरी हातात धरून आमच्याकडं पाहिलं. "आक्का, दगड एकच हाय. घरनं ठरवून यायचं न्हाय व्हय?" आणि तो तंबाखू मळत बाजूला जाऊन बसला.

मी ह्यांच्यावर चिडले. म्हटलं, "पायऱ्या असत्या तर आपली पोर वाचली असती. हुक्केरीची विहीर बघितलीसा न्हवं? मग झाकायचा एवढा हट्ट कशापायी?"

हे दगडाला टेकून उभे राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तू पहाटे उठून हिरीकडं जातीस. काठाला वाकून बघत बसतीस. मी रोज मागनं येतोय. केळीच्या आड उभा असतोय. पोरगी गेली माझी. आता तू पण जाशील म्हणून झाकतोय मी ती हीर."

मला वाटायचं, ह्यांना पद्मा विसरायची आहे, म्हणून विहीर डोळ्यांआड करायची आहे. आणि हा माणूस रोज पहाटे थंडीत माझी राखण करत होता. "छे, काहीतरीच काय!" असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण ते खोटं झालं असतं. काही पहाटा तशा होत्या.

"व्हय," मी म्हटलं. "मनात येत होतं."

ते खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. सत्याप्पा बैलांकडं तोंड करून उभा राहिला.

थोड्या वेळानं मीच यल्लप्पाला हाक मारली. म्हटलं, "यांच्या मनासारखं करा. लांब ठेवा." ह्यांनी डोळे पुसले आणि मान हलवली. "नको. हीर झाकली तर ही झाकणावर जाऊन बसंल. मधी तोडा." यल्लप्पानं पुन्हा विचारलं नाही. दोरी ताणली, सोडली, आणि दगडाच्या मधोमध लाल रेघ उमटली.

परतीच्या वाटेवर गाडी जड होती. आम्ही चढाला उतरून चालत आलो.

कुणी विचारतं, एवढ्या लांबनं दगड आणून मनाला बरं वाटलं का? नाही वाटलं. पद्मा नाही ती नाहीच. पायऱ्या मात्र चांगल्या बसल्यात. सकाळी मी पाणी गाळलेलं फडकं घेऊन निघते, तेव्हा हे माझ्या आधी उतरतात, शेवटच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभे राहतात आणि माझं फडकं उलटं करून होईपर्यंत माझा पदर मुठीत घट्ट धरून ठेवतात.