पाणी शेपटाकडून चढलं

पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस मला पहिली नोकरी लागली ती कोळ्ळिडम नदीच्या पात्रातल्या एका बेटावर. पापनाशमहून नदीकाठापर्यंत बस आणि पुढे होडी. बेटावर तीसेक घरं आणि एका खोलीची शाळा. घरी आमची मराठी, इथे सगळं तमिळ. माझं तंजावूरचं तमिळ ऐकून मुलं गालात हसायची.

बेट लांबट होतं. पश्चिमेचं टोक, जिथे नदी येऊन आपटायची, ते गाळ साचून उंच झालेलं. तिथे ताडांची राई आणि बहुतेक घरं होती. मधून एक उथळ घळ गेलेली, नदीचा जुना प्रवाह; ती तिरकी जाऊन खालच्या टोकाशी उघडायची. घळीपलीकडे शाळा, वांग्यांची शेतं, आणि मग बेट उतरत उतरत शेपटासारखं वाळूत संपायचं. होडी तिथे लागायची.

त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. अकराच्या सुमारास नदीचं पाणी तांबूस झालं आणि दूर काठावरून कुणीतरी ओरडलं, वरच्या धरणाची दारं उघडली म्हणून. मी चौदा मुलांना रांगेत उभं केलं आणि होडीकडे निघाले.

शाळेशेजारी वांगी लावणारी म्हातारी वाटेत आडवी आली.

"टीचरम्मा, पोरांना कुठे नेताय?"

"होडीकडे."

"होडी आता यायची नाही. वर चला, ताडांकडे."

"पाणी तिकडूनच येतंय ना?"

"येतं तिकडून. चढतं शेपटाकडून."

मला ते वेडगळ वाटलं. रागही आला. "या मुलांची जबाबदारी माझ्यावर आहे," मी म्हणाले.

"त्यांत माझी नात आहे," ती म्हणाली. तिने रांगेतून नातीचा हात धरला आणि पश्चिमेकडे चालू लागली.

मुलं माझ्याकडे बघत राहिली. मी हट्टाने पुढे गेले. शेताचा बांध ओलांडला आणि थांबले. होडी लागायची ती वाळू दिसतच नव्हती. तिथून पाणी मागे फिरून घळीत शिरत होतं, आवाज न करता, फेस आणि काटक्या पुढे ढकलत.

"मागे फिरा," मी म्हणाले.

घळीशी पोचलो तेव्हा पाणी माझ्या मांड्यांपर्यंत होतं. म्हातारी नातीला पलीकडे ठेवून परत आली होती, कमरेएवढ्या पाण्यात घळीच्या मधोमध उभी होती. मी एकेक मूल तिच्या हातात द्यायची, ती ते पलीकडे जमलेल्या गावकऱ्यांकडे सरकवायची. बारा मुलं गेली. शेवटची मुलगी काठावर खिळून उभी राहिली. पाय उचलेना, रडेना. मी तिला एक थप्पड मारली आणि कडेवर उचललं. त्याआधी आणि त्यानंतर मी कुठल्याही मुलावर हात उगारलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही ताडांखाली होतो. शाळेचं छप्पर सरकत सरकत गेलं ते सगळ्यांनी पाहिलं. माणूस एकही गेला नाही. म्हातारीच्या वांग्यांवर मात्र गुडघाभर वाळू बसली.

पाणी ओसरल्यावर मी तिच्याकडे गेले. "मी तुमचं ऐकलं नाही," मी म्हणाले.

"ऐकलंत की. जरा उशिरा ऐकलंत," ती वाळू उपसत म्हणाली.

आठवड्याने कचेरीने अहवाल मागवला. मी लिहिलं, पूर येताच मुलांना सुरक्षित जागी हलवलं. वाचून अधिकाऱ्यांनी शाबासकी दिली. त्या कागदावर म्हातारीचा उल्लेख नव्हता.